डोळे शेवटी काढायचे

शाळेच्या सभागृहात लावायला मोठ्या बाईंचं चित्र हवंय, असा निरोप घेऊन गोल्या आला, तेव्हा पेंटरने आधी हो म्हणून टाकलं आणि मग तो घाबरला. आधी हो म्हणायचं आणि मागून घाबरायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. आता पन्नाशी उलटली, दाढी पिकली, तरी खोड तशीच.

गोल्या म्हणजे त्याचा शाळेतला बाकावरचा सोबती. तेव्हा गोल होता म्हणून गोल्या. आता पार वाळून गेला होता, तरी नाव काही सुटलं नव्हतं. तो त्याच शाळेचं ग्रंथालय सांभाळत होता. आणि मोठ्या बाई म्हणजे या दोघांच्या वेळच्या मुख्याध्यापिका. दोन खोल्यांची शाळा त्यांनी एवढी वाढवली, तेव्हा नव्या सभागृहाला त्यांचंच नाव द्यायचं ठरलं, आणि नाव आलं की भिंतीवर चेहरा आलाच. फोटो लावूनही भागलं असतं. पण बाईंचे फोटो शोधावेत तर प्रत्येकात त्या पोरांच्या मागे, शेवटच्या रांगेत, पुसट. मग गोल्याने सभेत छाती पुढे काढून सांगितलं, की आपल्याच वर्गातला माणूस हुबेहूब माणसं रंगवतो, बाईही अजून खुर्चीत बसू शकतात, वेळ आहे तोवर उरकून घेऊ.

घाबरण्याचं कारण म्हणजे दुसरीचा वर्ग.

पेंटरला आठवत होतं ते असं. गणिताचा तास. तो फळ्यासमोर उभा, हातात खडू, समोर वजाबाकी. बाहेर जाऊ का, असं त्याने विचारलं. आधी गणित, असं उत्तर आलं. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, आधी गणित. मग जे व्हायचं ते झालं, भर वर्गात, मोजे भिजेपर्यंत. वर्ग खदाखदा हसला. आणि दोन डोळे त्याच्याकडे बघत राहिले, पापणी न हलवता, ओठ घट्ट मिटून. त्यानंतरचं आठवत होतं ते एवढंच, की त्याच्या कमरेला एक निळा स्वेटर गुंडाळलेला आहे, बाह्यांची पुढे गाठ मारलेली आहे, आणि त्या अवतारात तो अख्ख्या शाळेसमोरून घरी चाललाय. पुढे कितीतरी दिवस पोरं त्याला 'नळ' म्हणायची. निळा स्वेटर शाळेत एकच होता, मोठ्या बाईंचा. म्हणजे डोळेही त्यांचेच. यात काही शंका घ्यावी असं त्याला इतक्या वर्षांत कधी वाटलंच नाही.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. माणसाला चष्मा लागतो, केस जातात, पोरंबाळं मोठी होतात, पण दुसरीतली ओली चड्डी काही वाळत नाही. नुसती आठवण आली तरी त्याचे कान गरम व्हायचे.

त्याची कामाची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. अरुंद जिना, वर गेलं की मोठी खिडकी, तिच्यातून दिवसभर एकसारखा उजेड. खोलीला जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास, आणि खालून हातोडीची ठकठक. मोठ्या बाई पहिल्या दिवशी काठी टेकत टेकत तो जिना चढून आल्या. मागे त्यांची भाची, हातात पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर काळजी. बाईंनी लग्न केलं नव्हतं, या भाचीकडेच राहायच्या. पेंटर दारात उभा होता, आणि खोटं कशाला बोला, पुढे होऊन हात द्यायचंही त्याला सुचलं नाही.

बाईंनी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, तू कुठल्या वर्षीचा रे? त्याने वर्ष सांगितलं, नाव सांगितलं. बाई थोडा वेळ आठवत राहिल्या, मग मान हलवून म्हणाल्या की इतकी मुलं हाताखालून गेली, आता सगळ्यांची सरमिसळ होते, राग मानू नकोस. पेंटरने राग मानला. वरून तोंडभर हसला आणि आतल्या आत म्हणाला, वा, माझं बालपण नासवलं आणि यांना आठवतही नाही.

खुर्चीत बसल्यावर बाईंनी एकच गोष्ट मागितली.

"मला सुंदर करू नकोस. आयुष्यात कधी नव्हते. फक्त मुलं घाबरणार नाहीत एवढं बघ. रोज त्या चित्रासमोरून जायचंय बिचाऱ्यांना."

तो म्हणाला, हो बाई. आधी हो म्हणायची खोड सांगितलीच आहे.

आता त्याची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. पेंटर आधी कॅनव्हासवर चेहरा हिरवट रंगात काढायचा. नवख्या माणसाला बघून धसका बसावा असा तो चेहरा दिसायचा, आजारी, पाण्यातून काढल्यासारखा. मग त्यावर हळूहळू उबदार रंगांचे पातळ थर, तपकिरी, पिवळट, गालांवर किंचित लाल, आणि मधूनमधून खालचा हिरवा दिसत ठेवायचा, की कातडीखाली रक्त वाहतंय असं वाटतं. किती हिरवा झाकायचा आणि किती उघडा ठेवायचा, सगळी हुशारी त्यात. जास्त उघडा राहिला तर माणूस कोरडा, कडू दिसतो. पार झाकला तर मिठाईच्या डब्यावरची बाहुली. आणि डोळे शेवटी. डोळे आणि ओठांची रेघ तो अगदी शेवटपर्यंत हात न लावता ठेवायचा. तोवर ते एक तोंड असतं, कुणाचंही, असं तो म्हणायचा. डोळे आले की कोण ते ठरतं. चित्र पुरं होईपर्यंत ते बघायची मुभा कुणालाच नव्हती. बसणाऱ्यालासुद्धा.

पद्धत चांगलीच होती. पण बाई बसल्या बसल्या झोपून जायच्या.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं जिना चढून दमल्या असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. खिडकीतून ऊन यायचं, खाली ठकठक चालू असायची, बाईंची मान हळूहळू कलायची, ओठ थोडे उघडायचे आणि त्या बारीक घोरायला लागायच्या. भाचीही कोपऱ्यात बसून विणत असायची, ती मावशीला उठवायची नाही. पेंटरने झोपलेल्या बाई रंगवल्या. कपाळ, कपाळावरच्या आठ्या, कानाची लोंबती पाळी, हनुवटीखालची सैल कातडी. हे सगळं त्याला फार चांगलं साधलं. त्या झोपलेल्या तोंडाकडे बघताना त्याला मधूनच वाटायचं, किती साधी म्हातारी आहे ही. मग तो स्वतःलाच दटावायचा.

शेवटी डोळ्यांची वेळ आली. आता बाईंना उठवायला हवं होतं. बाई, जरा इकडे बघा, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. जीभ रेटेना. पन्नाशी उलटलेला माणूस, दोन मुलांचा बाप, हातात ब्रश घेऊन एका ऐंशी ओलांडलेल्या बाईला उठवायला घाबरत होता. उठल्या की बघतील. बघतील म्हणजे तशा बघतील. त्याने भाचीला सांगून टाकलं की झालं आता, उद्यापासून यायला नको, पुढचं मी करतो. भाचीने मावशीला हलवून उठवलं, तोवर पेंटर पाठ करून ब्रश धूत उभा राहिला. किती बावळटपणा, पण केला खरा.

आणि मग दुसऱ्या दिवशी एकटा असताना त्याने आठवणीतून डोळे काढले.

काय काढले म्हणून सांगू. डोळ्यांतला पांढरा कधी पांढरा नसतो, त्यात राखाडी मिसळावी लागते, नाहीतर डोळे वटारल्यासारखे होतात. हे तो पोरासोरांनाही शिकवायचा. पण त्या दिवशी त्याने राखाडी जवळजवळ घातलाच नाही. मऊ ब्रश बाजूला ठेवला आणि राठ केसांचा घेतला. पापणीची कड एका ओढीत ओढली, मागे वळून तिला मऊ केलं नाही. बुबुळात उजेडाचा ठिपका असतो, तो बाजूला, जरा पुसट असतो. त्याने मधोमध दिला, टोकदार. डोळ्यांखालचा हिरवा त्याने झाकलाच नाही. आणि ओठ एका काळपट रेघेत मिटवून टाकले. प्रत्येक फटकाऱ्याबरोबर त्याला आठवत होतं, खडू, फळा, हसणारा वर्ग, आणि हात न अडखळता चालत होता. मजा आली त्याला. इतकी मजा त्याला कितीतरी वर्षांत कामात आली नव्हती. आपण सत्य रंगवतोय, असं तो स्वतःला सांगत होता, आणि सुडाला सत्य म्हणण्यात माणसाला मोठी सोय असते.

मागे सरकून पाहिलं तर चित्र जिवंत होतं. हे त्याचं सगळ्यात चांगलं काम होतं, यात वाद नाही. आजवर त्याने रंगवलेली माणसं भिंतीवर गुपचूप टांगलेली राहायची. ही बाई खोलीत बघत होती.

बायको दुपारी डबा घेऊन आली. चित्र पुरं झालं होतं, म्हणून तिला बघायची मुभा होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, काम मात्र झकास झालंय हो, पण मी असते तर माझं पोर या बाईंच्या शाळेत घातलं नसतं. पेंटर म्हणाला, तुला काय कळतं त्यातलं. हे वाक्य नवऱ्यांच्या तोंडात इतकं बसलेलं असतं की ते विचार न करताच बाहेर पडतं. तिने डबा उघडला, त्याच्यासमोर ठेवला, आणि जेवण होईपर्यंत चित्राकडे पाठ करून बसली.

चार दिवसांनी गोल्या चित्र बघायला आला. बाईंनाही घेऊन आला, भाची बरोबर होतीच. बाईंनी हट्टच धरला होता म्हणे, कार्यक्रमात सगळ्यांदेखत बघण्याआधी मला एकटीला बघू दे. पेंटरने खुर्ची पुढे सरकवली, चित्रावरचं फडकं काढलं आणि बाजूला उभा राहिला. बघू देत, असं त्याला वाटत होतं. एकदा बघू देत स्वतःला.

गोल्या मोठ्याने हसला.

"अरे, ही तर सुईबाई!"

आणि त्याने जीभ चावली. बाईंकडे बघितलं, पेंटरकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. पेंटरला आधी काही समजेना. सुईबाई हे नाव त्याला आठवत होतं. खालच्या वर्गांना गणित शिकवणारी बाई, नजर टोचायची म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. पण चेहरा? चेहरा आठवायला गेला तर तिथे काहीच नव्हतं. नुसतं नाव.

गोल्याला वाटलं पेंटर थट्टा करतोय. तो पुढे झाला आणि चित्रापासून बोटभर अंतरावर हात आडवा धरून त्याने डोळे झाकले. हे बघ, म्हणाला, नाक, हनुवटी, कान, मोठ्या बाई. मग हात खाली करून तोंड झाकलं आणि डोळे उघडे ठेवले. आणि ही ती. मला पाढे येईनात म्हणून कपाटामागे उभं करायची ती. तुला फळ्यासमोर उभं केलं होतं, आठवत नाही? तू तर... आणि गोल्या थांबला, कारण त्याला काय आठवलं ते खोलीत सगळ्यांदेखत बोलण्यासारखं नव्हतं.

पेंटरचे कान तापले. त्याने कसंबसं विचारलं की त्या दिवशी स्वेटर कुणाचा होता. स्वेटर मोठ्या बाईंचा, गोल्या म्हणाला, दुसऱ्या कुणाचा असणार? वर्गातला दंगा ऐकून त्या धावत आल्या. सुईबाईला वर्गाबाहेर काढलं. आम्हा सगळ्यांना बाकांखाली बघायला लावलं, मान वर केली तर बघा म्हणाल्या. आणि तुला कडेवर घेतलं, तसा भिजलेला, आणि स्वतःच्या खोलीत नेलं. आम्ही खिडकीतून बघितलं ना. तू त्यांच्या टेबलावर बसला होतास स्वेटर गुंडाळून आणि लाल-निळ्या पेन्सिलीने कागदावर काहीतरी काढत होतास.

पेंटर उभ्या जागी खिळला. लाल-निळी पेन्सिल. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. ती त्याला आठवत होती, चांगली आठवत होती, मिळेल तिथे तो सांगायचा की लहानपणी कुणीतरी अशी पेन्सिल दिली आणि तिथून हा नाद लागला. कुणीतरी. आयुष्यभर तो कुणीतरी म्हणत आला होता. म्हणजे जिने त्याची लाज झाकली, तिच्याच अंगावर त्याने ती लाज टाकली होती, आणि स्वतः मोकळा झाला होता. का, तर तिने त्याला तसं पाहिलं होतं. पाहणारी म्हणून तीच लक्षात राहिली.

बाई एवढा वेळ चित्राकडे बघत होत्या. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"हे डोळे ओळखीचे आहेत माझ्या," त्या म्हणाल्या. "तिला शाळेतून काढावं म्हणून मी चार ठिकाणी लिहिलं. नाही काढता आलं. मग रोज तिच्या वर्गाबाहेरून चकरा मारायचे, काही झालं तर आत जायला. तेवढं एक माझ्या हातून राहिलं." आणि थोडं थांबून, अगदी साध्या आवाजात, "आता मीच तिच्यासारखी बघत बसणार होय मुलांकडे?"

खाली ठकठक चालू होती. भाचीने मावशीचा दंड धरला आणि पेंटरकडे असं काही बघितलं की त्याने मान खाली घातली. चला, म्हणाली ती. जिना उतरताना गोल्या पुढे होता, त्याने वळूनही पाहिलं नाही.

पेंटर खोलीत एकटा राहिला आणि त्याला आपलीच शिसारी आली. लाज त्याला ओळखीची होती, आयुष्यभर तिच्याबरोबर राहिला होता तो. पण ती लाज दुसऱ्याने केलेल्या गोष्टीची होती, तिच्यात स्वतःची कीव करायला भरपूर जागा होती. या लाजेत तशी जागा नव्हती. ही गोष्ट त्याने स्वतः केली होती, शुद्धीवर असताना, भर उजेडात, रंग निवडून. आणि वर मजा घेऊन. समोर बाई बसल्या होत्या, हाडामांसाच्या, एवढ्या जवळ की श्वास ऐकू यायचा. एकदा 'बाई, उठा' म्हटलं असतं तर खरे डोळे दिसले असते. त्याने ते उघडूच दिले नाहीत.

त्याने पॅलेट नाइफ घेतली आणि डोळे खरवडून काढले, ओठांची रेघही काढली. रंग ओलाच होता, लगेच निघाला. बायको आली तेव्हा तो जमिनीवर बसला होता आणि चित्रात डोळ्यांच्या जागी दोन राखाडी डाग होते. तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं, फळ्यापासून स्वेटरपर्यंत. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, की एवढ्याशा गोष्टीपायी तुम्ही इतकी वर्षं त्या बाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्यात होय. जा आणि पाया पडून माफी मागा. नुसती चित्रात मागू नका, तोंडाने मागा.

तो गेला. भाचीने दार उघडलं आणि बसा म्हटलं नाही. बाई खिडकीपाशी बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी त्याला समोरचं स्टूल दाखवलं. तो बसला आणि शाळेतल्या पोरासारखा एका दमात सगळं बोलून गेला, की बाई, मला उलटं आठवत होतं, मी तुम्हालाच ती समजलो, मी लहान होतो. बाई ऐकत होत्या, वाटाणे सोलत होत्या. मग म्हणाल्या, त्या दिवसाचं तू मनावर घेऊ नकोस, लहान मुलाची त्यात काय चूक.

त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पण ब्रश हातात घेतलास तेव्हा तू लहान नव्हतास."

त्या रागाने म्हणाल्या नाहीत. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं. त्याने चित्र पुन्हा करून देतो म्हटलं, फक्त डोळे आणि ओठ, एकदा बसाल का म्हणून विचारलं. भाची आतून म्हणाली, मावशी काही यायची नाही आता. बाई म्हणाल्या, येईन.

आणि आल्या. जिन्यात भाचीने पेंटरला थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं की कालपासून आरशासमोर उभी आहे ती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, माझं बघणं नक्की कसं आहे ते बघतेय, इतकी वर्षं कधी पाहिलंच नाही. सारखं विचारते, तुला माझी कधी भीती वाटली का गं. रात्री जेवलीसुद्धा नाही धड. हे सांगून भाची वर गेली, आणि पेंटर एका पायरीवर तसाच उभा राहिला, कठडा धरून.

वर बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. डोळे टक्क उघडे. त्यांनी केस नीट बसवून घेतले होते. पेंटर चित्रामागे गेला, मऊ ब्रश घेतला, राखाडी नीट मिसळला, आणि बाजूने डोकावून म्हणाला, बाई, इकडे बघा.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांनी भुवया थोड्या वर उचलल्या, डोळे मऊ करायचा प्रयत्न केला, आणि ओठ ताणून हसल्या. ते हसू त्यांचं नव्हतं. फोटो काढताना पोरांना हस म्हटलं की ती हसतात तसं होतं, कुणीतरी रागावेल म्हणून केलेलं. त्याने म्हटलं, बाई, हसायची गरज नाही, नेहमीसारखं बघा. त्यांनी हसू पुसलं, गोंधळल्या, आणि पुन्हा भुवया उचलल्या.

"नेहमीचं कसं ते आता मला कळेना झालंय रे," त्या म्हणाल्या. "तूच सांग. असं बघू? की अजून भीती वाटते?"

"नाही बाई," तो म्हणाला. "नाही वाटत."

पण बाईंचा विश्वास बसला नाही. त्या मान जराशी तिरकी करून बसल्या, आणखी मऊ, आणखी हसऱ्या, गाल थरथरायला लागेपर्यंत. पेंटरला दिसत होतं ते त्याला काढायचं नव्हतं, आणि जे काढायचं होतं ते त्या चेहऱ्यावर आता कुठेच नव्हतं. तो ब्रश धरून उभा राहिला. बाईंनी हसू तसंच धरून ठेवलं आणि थोड्या थोड्या वेळाने विचारत राहिल्या, "आता?"